पाटीशिवाय मुंबई

मुलांना घेऊन मुंबईला फिरायला जायचं ठरू लागलं की माझी एकच अट असते: वार बुधवार हवा. सून बिचारी दर वेळी न रागावता समजावते, "आई, बुधवारी राणीची बाग बंद असते. मुलांना पेंग्विन बघायचेत." मला ठाऊक आहे बंद असते. मला ते जितकं पक्कं ठाऊक आहे तितकं त्या बागेच्या पहारेकऱ्यालाही नसेल. तुम्ही पेंग्विन बघायला शनिवारी जा, रविवारी जा, मी कधी आडवी आले नाही. पण वर्षातला एक बुधवार माझा. त्या दिवशी नातवंडांना मी नेणार, आणि जाताना कुणी माझ्या हातात "जाताच आहात तर एवढी पिशवी मामांकडे द्या" म्हणून काही कोंबायचं नाही. आचोळ्याच्या आमच्या सोसायटीत मी हट्टी म्हातारी म्हणून प्रसिद्ध आहे. असू दे. हट्ट मी विकत घेतलेला नाही, तो घरातला आहे, आणि तो कुणाकडून आला हे एकदा नीट सांगून टाकायचं म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही भुईगावचे बागायतवाले. घर वाडीतच, पुढे फुलं, मागे केळी, आणि त्यापलीकडे सुरूच्या झाडांतून समुद्राचा आवाज. तो आवाज आम्हाला ऐकू येत नसे, म्हणजे पाहुणा आला आणि म्हणाला की केवढा आवाज हो, की मग यायचा. आमच्या कानातले आवाज दुसरे होते. पहाटे विहिरीवरचं इंजिन टुकटुक करत सुरू व्हायचं, पाटांतून पाणी केळीच्या बुंध्यांना लागायचं, मग चर्चची घंटा, मग पडवीत केळीच्या सोपट्याचे धागे सोलल्याचा चर्र आवाज. त्या धाग्यांत आई, मोठीआई आणि सुमनताई हार ओवत बसायच्या. फुलांवर ओलं फडकं, मांडीवर ओलं फडकं, आणि थंडीत बोटं अशी गारठलेली की कागड्याची कळी हातात आहे की नाही ते डोळ्यांनी बघावं लागे. मोठीआई म्हणजे माझी थोरली काकी, सुमनताई तिची मुलगी, माझ्याहून थोडीशी मोठी. चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या फुगत असायच्या आणि घरभर फुलांचा इतका वास असायचा की भाकरीलाही तो लागायचा. आजही कुठे देवळाबाहेर हारांची टोपली दिसली की लोकांना भक्ती सुचते, मला भूक लागते.

घरात शब्द चाले तो थोरल्या काकांचा. त्यांना सगळे 'मोठे' म्हणत. मोठे म्हणाले, मोठ्यांना विचार, मोठे जेवले का. माझे बाबा त्यांचे धाकटे भाऊ, कमी बोलणारे, झाडांशी जास्त बोलणारे. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही अशी रीत होती. एकाच पडवीत, हाताच्या अंतरावर दोघं बसलेली असली तरी निरोप जायचा मुलांमार्फत. आई म्हणायची, "बाय, मोठ्यांना सांग, आज पानं कापायला हवीत." मोठे ऐकत असायचेच, पण मी "मोठे, आई सांगते, पानं कापायला हवीत" असं म्हणेपर्यंत त्यांच्या कानापर्यंत ते पोचलं नाही असं धरायचं. मग ते माझ्याकडे बघून म्हणायचे, "सांग तिला, उद्या." अशी मी वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापासून घरातली पोस्टमन होते. (आमची घरची बोली अगदी निराळी आहे, माझ्या सुनेला ती अर्धीच कळते. इथे मी ती थोडी सोपी करून लिहिते. आई हे वाचती तर म्हणाली असती, पुळचट केलीस.)

आता पाटीचं सांगते, कारण सगळं तिच्याशी येऊन अडतं. आमच्या घरातल्या बायका फुलं, केळीची पानं, थोडी भाजी पाटीत घालून पहिल्या गाडीने दादरला न्यायच्या. पाटी म्हणजे बांबूची रुंद टोपली, खाली डोक्यावर कापडाची चुंबळ. मुलगी जाणती झाली की तिची पाटी चढायची. बुरुडाकडून नवी पाटी यायची, मोठीआई तिला हळदकुंकू लावायची, अंगणात पाट मांडून मुलीला त्यावर उभी करायची आणि चुंबळीवर ती पाटी ठेवायची. गूळखोबरं वाटलं जायचं. आजूबाजूच्या बायका म्हणायच्या, सुमनची पाटी चढली हो, जशी काही परीक्षा पास झाली. आणि त्याच दिवशी ती मुलगी पहिल्यांदा मुंबईला जायची. 'शाळा सोड' असं आमच्या घरात कुणी कुणाला कधी म्हणालं नाही. तसे आम्ही सभ्य लोक. शाळेची घंटा व्हायची तेव्हा पाटी अजून दादरहून परतलेली नसायची, एवढंच.

सुमनताईची पाटी आदल्या वर्षी दसऱ्याला चढली. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी नम्रपणे म्हणत नाही, खरंच होती. गणितं ती तोंडी सोडवायची. चार-सहा महिन्यांत तिची मान अशी झाली की रिकामी चालत असली तरी डोक्यावर काहीतरी आहे असं वाटावं.

आणि मग नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर मोठे जेवता जेवता म्हणाले, "संक्रांत झाली की कुंदाची पाटी चढवा. बुरुडाला सांगून आलोय." मी सातवीत होते. वाढत होते ती आमटी माझ्या हातात तशीच राहिली. मोठे वाईट मनाने बोलले नव्हते, पाऊस येईल छपराचं बघा, अशा सुरात बोलले. तेच मला जास्त लागलं. चार दिवसांत पाटी आलीसुद्धा. मोठीआईने आधीच तिला कुंकवाचं बोट लावून पडवीतल्या खुंटीला अडकवली. नवा बांबू, पिवळाधमक. मी येता-जाता तिच्याखालून जायचे आणि वर बघायचे नाही.

 दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे ओटीवर असताना, आई ओवता ओवता, मान वर न करता म्हणाली, "बाय, मोठ्यांना सांग, कुंदाने अजून मुंबई बगितली नाय."

मी सांगितलं. मोठे म्हणाले, "तिला सांग, बगेल आता रोज."

"मोठ्यांना सांग, तशी नाय. माजी पोरगी मुंबई पैल्यांदा बगील ती डोक्यावर काय नसताना. मी पोरांना घेऊन जानार हाय एक दिवस. फिरायला."

'फिरायला' हा शब्द आमच्या ओटीवर त्याआधी कुणी उच्चारला नसावा. मोठीआईच्या हातातला धागा तुटला. मोठ्यांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "मुंबईला रिकामं कोन जातं?" ते मला म्हणाले.

"सांग त्यांना," आई म्हणाली, "ते जातात."

हे खरं होतं. मोठे महिन्यातून एकदा व्यापाऱ्याला भेटायला मुंबईला जायचे, कोट घालून, हात मागे बांधून. पण खरं असलं म्हणून काय झालं, हे त्यांना सांगायचं कुणी? मला सांगावं लागलं. मी चाचरत म्हटलं, "मोठे, आई सांगते, तुमी जाता." बाबा खोकले. तो खोकला नव्हता, हसू होतं, हे मला पुढे कळलं. मोठे म्हणाले, "जाऊ दे तिला. एक दिवस मौज करून या. मग संक्रांतीनंतर माज्या कानावर कुरकुर यायची नाय. सांग." मी आईकडे वळले. आई म्हणाली, "बगू." हा 'बगू' मी मोठ्यांपर्यंत पोचवला नाही. म्हणजे माझ्या लेखी सौदा असा झाला होता की एक दिवस मुंबई आणि मग कायमची पाटी. शाळेचा निरोप समारंभ राणीच्या बागेत. माझा धाकटा भाऊ विजू मात्र उड्या मारत होता, त्याला वाघ बघायचा होता.

पुढचे दिवस आमच्या पडवीत हारांबरोबर बेतही ओवला जात होता. पहिला प्रश्न वाराचा. हल्ली माझी सून फोन उघडते, सगळ्यांच्या रजा बघते आणि दिवस ठरवते. आईकडे तिचा स्वतःचा हिशोब होता, फुलवाल्यांचा. सोमवार शंकराचा, पांढरी फुलं आणि बेल. मंगळवार गणपतीचा, तेव्हा जास्वंद. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा, रविवारी तर गिऱ्हाईक घरी असतं म्हणून देवही घरीच असतात. उरला बुधवार. "बुधवार विठोबाचा," मोठीआई म्हणाली. "त्याला तुळस पुरते," आई म्हणाली. त्यात पौष, लग्नं नाहीत, फुलाला कुत्रं विचारत नाही. बुधवार ठरला. फुलांच्या घरात जन्म काढलेल्या कुणालाही हाच वार सुचला असता, आणि इतका विचार करून कुणी दुसरा वार काढला असता तर आईने त्याला वेड्यात काढलं असतं.

दुसरा प्रश्न, जायचं कसं आणि बघायचं काय. त्यासाठी शेजारच्या मोनिकामावशीला बोलावलं. ती मुलगी असताना एकदा तिच्या काकांनी तिला राणीच्या बागेत नेलं होतं. "मिस्सा ऐकून गेलेलो," ती म्हणाली, म्हणजे चर्चमधली प्रार्थना आटोपून, म्हणजे रविवार, पण वाराकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही, सगळ्यांचं लक्ष हत्तीकडे होतं. तिने हत्ती किती मोठा ते दोन्ही हात पसरून दाखवलं. जाताना विजूला आपल्या मुलाचे अपुरे झालेले बूट दिले आणि नाताळचे तळलेले गोड कुलकुल एका डब्यात भरून दिले. मग शिदोरी. तांदळाच्या भाकऱ्या, लसणाची चटणी आणि सुकेळी. सुकेळी म्हणजे आमची उन्हात वाळवलेली केळी, मधासारखी काळसर. ती पाहुण्यांना द्यायची वस्तू, आम्हाला नखाएवढी मिळायची. आईने अख्खी जुडी बांधली.

तिसरा प्रश्न कुणालाच पडला नव्हता, तो आईने काढला. "सुमनपन येनार."

मोठीआई म्हणाली, "ती काय, रोजच जाते मुंबईला."

"दादरला जाते," आई म्हणाली. "मुंबईला नाय. मी तरी कुटं गेलीय?"

आणि त्या दिवशीच्या दोन पाट्या कोण नेणार? मोठ्यांनी हा खडा बरोबर शेवटी टाकला. तेव्हा बाबा, जे वर्षभरात ओटीवर दहा वाक्यं बोलत नसत, म्हणाले, "मी नेतो." मोठे त्यांच्याकडे बघतच राहिले. "तू? बाप्यामानूस डोक्यावर पाटी घेशील?" बाबा म्हणाले, "डोक्यावर नाय, खांद्यावर घेईन. बुधवार हाय. थोडीच तर फुलं हायत." आणि उठून इंजिन बघायला गेले, कारण एवढं बोलल्यावर तिथे बसणं त्यांना जड गेलं असतं.

त्या पहाटे आई नारिंगी काठाचं हिरवं लुगडं नेसली आणि फडक्याखालून सोनचाफ्याची तीन फुलं काढून तिने एक अंबाड्यात खोवलं. एक सुमनताईच्या वेणीत, एक माझ्या. तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण आमच्या घरात फूल म्हणजे माल. जन्मभर फुलांत बसलेल्या त्या बायकांच्या केसांत मी तोवर फूल बघितलं नव्हतं. सणाला एखादी शेवंती, तीही सुकायला लागलेली. मोठे ओटीवर दात घासत होते. म्हणाले, "कुंदा, तो विकायचा माल हाय. चाफा हाय तो."

आई पायरीवरून न वळता म्हणाली, "सांग त्यांना, आज गिऱ्हाईक मी हाय."

फाटकाबाहेर पडताना तिचा उजवा हात आपोआप डोक्याकडे गेला, पाटी धरायला. तिथे काही नव्हतं. तिने हात खाली घेतला आणि त्याचं काय करावं हे तिला कळेना, म्हणून तिने माझा हात धरला. पहिली एसटी, पहिली गाडी, मग भायखळ्यापर्यंतची विचारपूस, यात सांगण्यासारखं काही नाही. आई ज्या वेळेला रोज निघायची त्याच वेळेला आम्ही निघालो होतो, कारण मुंबईला निघायची दुसरी वेळ असते हे तिला माहीतच नव्हतं. राणीच्या बागेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा पलीकडचा दूधवाला अजून बाटल्या वाटत होता. फाटक बंद. उघडेल, म्हणून आम्ही पदपथावर फडकं अंथरून बसलो. भाकऱ्या खाल्ल्या. कुलकुल खाल्ले. विजू दर थोड्या वेळाने फाटकाच्या गजांना नाक लावून यायचा. कामाला जाणारे लोक आमच्याकडे बघत जायचे, आणि आई त्यांच्याकडे उलट बघायची.

उन्हं वर आली. आतून एक पहारेकरी किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. आम्ही फडकं झटकून उभे राहिलो. तो म्हणाला, "कशाला थांबलात? आज बुधवार. बुधवारी बाग बंद."

सगळ्या देवांना चुकवून आम्ही जो वार शोधून काढला होता, नेमका तोच बागेच्या सुट्टीचा.  विजूने भोकाड पसरलं. त्याच वेळी आत लांब कुठेतरी एक जनावर ओरडलं, आणि त्याचं रडणं दुप्पट झालं. सुमनताई हळूच म्हणाली, "काकी, घरी जायाचं?" मला घरी गेल्यावरचं सगळं दिसलं. ओटी, मोठ्यांच्या तोंडातलं पान, आणि खुंटीवरची पिवळी पाटी. माझा एक दिवस बंद फाटकापुढे भाकरी खाण्यात गेला होता आणि सौदा मात्र पुरा व्हायचा होता. मला इतका राग आला, बागेचा, विठोबाचा, मोनिकामावशीच्या हत्तीचा, की डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं.

आईने पहारेकऱ्याला विचारलं, "मग आज उगडं काय हाय?"

तो माणूस चांगला होता. त्याने थोडा विचार केला. म्हणाला, "रस्ते उघडे आहेत, बाई. दुमजली बस पकडा, वर जाऊन पुढे बसा आणि बोरीबंदरला उतरा. पोरं खूश होतील."

वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची जागा आम्हाला मिळाली. बस वळली आणि आई एकदम म्हणाली, "अगो बाय, ही घरं वरपत्तुर हायत!" मी हसले. मला वाटलं ती गंमत करते. पण ती खिडकीच्या काचेला कपाळ लावून बघत होती, आणि सुमनताईही. तेव्हा आईने जे सांगितलं ते मी आजपर्यंत विसरलेले नाही. डोक्यावर पाटी असली की मान सरळ ठेवावी लागते, डोळे समोर. मान जरा वर गेली की पाटी मागे. इतकी वर्षं ती मुंबईला येत होती आणि तिने मुंबई दुकानांच्या पाट्यांपर्यंतच बघितली होती. त्याच्या वर सज्जे आहेत, सज्ज्यांत माणसं दात घासतात, कपडे वाळतात, त्याच्याही वर नक्षी आहे, नक्षीवर कबुतरं आहेत, यातलं काही तिला ठाऊक नव्हतं. "वर बगायची सोयच नव्हती," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. मला मात्र त्या वाक्याने जो संताप आला तो अजून पुरता उतरलेला नाही, आणि उतरू नये असंच मला वाटतं.

बोरीबंदरला आम्ही स्टेशनच्या इमारतीसमोर रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. आईने मान मागे टाकली, इतकी की अंबाड्यातला चाफा पाठीवर टेकला. मग तिने आमच्याकडे बघितलं. विजू वर बघत होता, मी वर बघत होते. सुमनताई समोर बघत होती. सरळ, गाडीकडे जाणाऱ्या माणसांकडे. "वर बग," आई म्हणाली. सुमनताईने फक्त डोळे वर केले. मान जागची हलली नाही. मुद्दाम नव्हे. तिला ते जमेना. तेव्हा आईने तिच्या हनुवटीखाली हात घातला आणि ती हळूहळू वर उचलली, लहान मुलाला औषध पाजताना उचलतात तशी. "आता बग. काय पडत नाय."

आणि विजू ओरडला, "वाघ!"

फाटकाच्या खांबावर दगडाचा वाघ बसला होता. दुसऱ्या खांबावर सिंह. मग आम्हाला वेडच लागलं. त्या इमारतीवर जनावरांची खाणच होती. कुठे मोर, कुठे माकड, कुठे पाणी ओकायला तोंड वासून बसलेली कसलीशी मगरीसारखी जनावरं. सुमनताईला तर एकदा मान वर झाल्यावर आवरेना. "ते बग, ते खारीसारकं! काकी, त्या कमानीत बग!" विजू म्हणाला, "हा वाघ पळत नाय." आई म्हणाली, "बुधवारी नाय पळत." तिथून पुढे आम्ही दिवसभर चाललो, माना वर करून. घड्याळाचा मनोरा, त्याच्यावरचे दगडी माणसांचे पुतळे, कोर्टाची टोकं. एका कोटवाल्या गृहस्थाला आई धडकली. तो म्हणाला, "बाई, बघून चाला की." आई म्हणाली, "बगतेच हाय. आजवर नव्हती बगत." शेवटी गेटवेला समुद्र बघून विजू नाराज झाला, कारण समुद्र आमच्याकडेही होता. सुमनताई तिथे कठड्यावर बसून एकटीच हसत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "मान दुकतेय." सुकेळ्यांची जुडी आम्ही पुरी संपवली, आणि कुणी नखाएवढं मोडून दिलं नाही.

सुमनताई आता चंदनसारला तिच्या मुलीकडे असते. तिची पाटी पुढेही राहिली, लग्नानंतरही, मी खोटं कशाला लिहू? पण माझ्या बुधवारी ती येते. दोघी म्हाताऱ्या बोरीबंदरसमोर माना मागे टाकून उभ्या राहतो आणि नातवंडं म्हणतात, आजी, लोक बघतायत. बघू देत.

भुईगावला पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. बाबा विहिरीवर पाय धूत होते, रिकाम्या पाट्या भिंतीशी उभ्या होत्या. मोठे ओटीवर. त्यांनी विजूला जवळ बोलावलं. "बगितला वाघ?" विजू म्हणाला, "बाग बंद होती. पन वाघ बगितला, दगडाचा."

मोठे हसले. मोठ्याने नव्हे, गालातल्या गालात, पान सांभाळून. "बुधवारी बंद असते. मला ठावं होतं. म्हटलं, जाऊ दे, एकदा खोड मोडेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिला सांग, मौज झाली. आता संक्रांतीला..."

मी निरोप घेऊन वळायच्या आत आई पायरी चढून वर आली. डोक्यावरचा पदर चालून चालून खांद्यावर पडला होता, तो तिने उचलला नाही. चाफा कोमेजून तपकिरी झाला होता. ती मोठ्यांसमोर उभी राहिली आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली.

"तुमाला ठावं होतं. लहान पोर वाघासाठी नाचत होतं नि तुमी गप बसले. बरं झालं. वाघ बगून लगेच परत आलो असतो. फाटक बंद होतं म्हनून मुंबई बगितली." तिचा आवाज चढला नव्हता. "माजी पाटी मी न्हेते. मरेपत्तुर न्हेईन. कुंदाची चढनार नाय."

 मोठ्यांनी सवयीने माझ्याकडे बघितलं, उत्तर द्यायला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मग ते खुंटीकडे बोट करून म्हणाले, "पाटी आलीय. तिला कुंकू लागलंय."

अंगणात कोंबड्या डालायची, म्हणजे रात्रीसाठी टोपलीखाली झाकायची, वेळ झाली होती. करड्या कोंबडीला नुकतीच पिलं झाली होती आणि तिचं जुनं डालगं मुंगसाने कुरतडलेलं होतं. सुमनताई, मोठ्यांची मुलगी, जी त्यांच्यासमोर कधी पाणी मागायला तोंड उघडत नसे, पडवीत गेली. तिने मान वर केली, खुंटीवरची नवी पाटी काढली आणि ती आणून आईच्या हातात दिली. मग स्वतः अंगणात उतरून तिने करड्या कोंबडीला पिलांसकट वळवत वळवत आईच्या पायाशी आणलं. आईने पाटी उपडी केली आणि घातली तिच्यावर, वर एक दगड ठेवला. आतून कोंबडी एकदा फडफडली, मग पिलांची चिवचिव ऐकू येऊ लागली. मोठीआईने तोंडावर पदर घेतला. तिचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते लेकीकडे बघत होते.

मोठे उठून पायरीपर्यंत आले. कोंबड्या डाललेल्या पाटीत उद्या कुणी फूल ठेवलं असतं तर त्यांनीच ते फेकून दिलं असतं, हे त्यांनाही कळलं होतं.

"तिच्यात देवाची फुलं जायाची होती," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नव्हे, आईकडे बघून.

"आता नाय जायाची," आई म्हणाली, आणि दिवा लावायला आत गेली.

नाताळची सुट्टी संपली तेव्हा मी शाळेत गेले. संक्रांतीनंतरही गेले.